झेंडूच्या पाटीतली पोर

आई गं,

आज रागावून लिहायला बसलेय. तुझ्यावर नाही, मामावर. पण तुझ्या भावावर रागावून काही उपयोग नसतो, हे तुला माझ्याआधीपासून ठाऊक आहे!

मी वकिली शिकतेय. यंदा मानसशास्त्र आणि कायदा मिळून एक प्रोजेक्ट करायचा होता. मी विषय घेतला: एकच घटना लोक पुन्हा पुन्हा एकमेकांना सांगत राहिले, तर साक्षीदाराची आठवण किती खरी उरते? मॅडम म्हणाल्या, घरापासून सुरुवात कर. आधी स्वतःची आठवण लिही, मग बाकीच्यांना विचार. आणि प्रश्नातच उत्तर घालायचं नाही.

मी काय लिहिणार? तू गेलीस तेव्हा मी जेमतेम पाच वर्षांची. माझ्याकडे तुझी एकच आठवण. पंचवटीच्या बाजारात तू मला झेंडूच्या पाटीत बसवलंयस, फुलांवर पाणी मारता मारता माझ्याही तोंडावर मारतेस. एक गिऱ्हाईक विचारतं, ही केवढ्याला? आणि तू हसतेस.

मामाला विचारलं, तर तो सहज म्हणाला, "तू कुठली? ती वैशू व्हती. तू तवा झालीच नव्हती."

वैशूताईच्या भुवईपाशी त्या पाटीची कामटी लागलेली खूणसुद्धा आहे. पुरावाच!

दर पितृपक्षात तुझं पान वाढलं की मामा हा किस्सा सांगतो, आणि नाव न घेता नुसतं 'पोरीला पाटीत बसवलं' म्हणतो. ऐकता ऐकता कधीतरी मीच त्या पाटीत चढून बसले. मॅडम खूश झाल्या, प्रोजेक्टला याहून चांगलं उदाहरण कुठून मिळणार! मी मात्र घरी येऊन रडले. आई, एवढं मोठं घर सांभाळलंस, माझ्यासाठी एक आठवण ठेवायला नको होतीस?

परवा बाजारातून येताना फुलांवर झाकलेल्या ओल्या गोणपाटाचा वास आला आणि माझी मान एकदम आखडली. गार काहीतरी लागल्यासारखी. तुझा हात! बाजारातून आलीस की तो तसाच ओला माझ्या फ्रॉकच्या गळ्यातून पाठीवर घालायचीस. "ऊठ गं भवाने." मी किंचाळायचे.

घरी येऊन ताईला विचारलं, मॅडमनी शिकवलं तसंच, आई तुला सकाळी कशी उठवायची?

"हाक मारून," ताई म्हणाली. "का गं?"

"काही नाही. प्रोजेक्ट."

म्हणजे ओला हात ताईला ठाऊकच नव्हता; हे मला कुणीच सांगितलेलं नव्हतं. किती वेळ तशीच हसत उभी होते.

तर आई, पाटी ताईला परत दिली. ती तिचीच होती. हात मात्र माझा. तो मी प्रोजेक्टमध्ये लिहिणार नाही, ताईला सांगणार नाही, आणि मामाला तर नाहीच, तो पुढच्या पितृपक्षात सगळ्यांना वाढून मोकळा होईल! इथे मी एकटीच साक्षीदार आहे, आणि मी फुटणार नाही.

तुझी,
पाटीबाहेरची धाकटी