साहेबांची सीट

१४ एप्रिल २०१९

उज्ज्वलानं पुण्याहून बाळाची गाडीतली खुर्ची पाठवली! ओवीनं अजून आजोळ पाहिलेलं नाही. लेकीची एकच अट – "परळी स्टेशनापासून सिरसाळ्यापर्यंत ओवी खुर्चीतच बसेल. मांडीवर नाही." मांडीवरच वाढलीस की गं! पण ओठांवर आलेलं गिळलं. येतेय ना, बस.

१५ एप्रिल

खुर्ची बसेना. बाळाचं तोंड मागे करून ठेवायची, म्हणून जागा फार लागते. ड्रायव्हरमागचा पट्टा तुटलेला. डावीकडे यांची पुढची सीट पार मागे सरकवलेली – पाय लांब होते यांचे. साखर कारखान्याचे संचालक झाले तेव्हापासून ती तशीच, वर पांढरा टॉवेल. तिच्यामागे मी जन्मभर गुडघे आखडून बसले.

ड्रायव्हर आश्रुबा म्हणाला, "सायबांची शीट म्होरं घ्यावी लागंल, बाई. दुसरा इलाज न्हाई."

"राहू दे," म्हटलं. हे गेल्यापासून तिला कुणी हात लावलेला नाही. मागे बसलं की तो रिकामा टॉवेल दिसतो. म्हणून मी गाडीत बसणंच सोडलं.

१६ एप्रिल

जेवण गेलं नाही.

१८ एप्रिल

पाण्याचा टँकर आजही नाही. उसाअभावी कारखाना बंद, मग संचालकाच्या घरी कोण फिरकतंय! पूर्वी चुलीवरून चहा उतरत नसे. आता बोलायला म्हैससुद्धा नाही, ती चारा छावणीत. फार एकटं वाटतं.

२० एप्रिल

नातीपेक्षा टॉवेल मोठा का? सकाळी स्वतःच सीटखाली हात घातला. दांडी गंजलेली. आश्रुबानं तेल सोडलं, दोघांनी रेटली, तेव्हा करकरत पुढे आली. खाली यांच्या सुपारीची खांडं निघाली. रडले. आश्रुबा उगीच चाक पुसत बसला.

मग खुर्ची बसली. पट्टा आवळून हलवून पाहिली, जागची हलली नाही. उज्ज्वलाला फोटो पाठवला.

२३ एप्रिल

येत नाहीत. जावई म्हणाले, "तिथं प्यायला पाणी नाही, बाळाला कसं आणायचं?" खरंच आहे. उज्ज्वला रडवेली झाली – "तू तरी कुठं येतेस, आई?"

आश्रुबाला खुर्ची काढायला सांगितली. "असू द्या की," म्हणाला.

२४ एप्रिल

आश्रुबानं सवयीनं मागचं दार उघडलं. मी टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला आणि पुढे बसले. पाय नीट टेकले. पट्टा लावला.

"कुठं जायचं, बाई? परळीला?"

"पुण्याला," म्हटलं.