चार मोजेपर्यंत

डाउनी, कॅलिफोर्निया
सोमवार, ३ नोव्हेंबर १९७५

प्रिय ड्वाइट,

तू बरा असशील. ओमाहात थंडी सुरू झाली असेल. इथे अजून खिडक्या उघड्याच आहेत.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की जाण्यापूर्वी आईने तुझी टेप दोनदा ऐकली आणि दुसऱ्यांदा तिचे ओठ हलले. तसं झालं नाही. तिने ती एकदाही ऐकली नाही. ओठ हलल्याचं तर मी मनानेच घातलं. नुसतं खोटं लिहून भागेना, ते खरं वाटायला हवं होतं, म्हणून.

बाबा ठीक आहेत. दाढी रोज करतात, जेवतात कमी. तुझा विषय निघाला की म्हणतात, "लोकांचे पियानो सुरात लावत फिरतो म्हणे. घरचा पडलाय तसाच." मी गप्प बसते. गप्प बसायचा मला अधिकार नाही, ते आता सांगते.

तुझं पार्सल अकरा ऑगस्टला आलं. आई झोपली होती, बाबा कामावर होते. मी ते गॅरेजमध्ये नेलं आणि आपल्या जुन्या रेकॉर्डिंगच्या मशीनवर लावलं. टेपवरच्या चार पट्ट्यांपैकी एकीवर तुझा पियानो, दोहोंवर तुझे दोन आवाज आणि चौथी माझ्यासाठी रिकामी. गाणं तेच, जे लग्नांत गाऊन गाऊन तू कंटाळला होतास. आपल्याच गावच्या त्या बहीण-भावाचं, प्रत्येक नवरीला हवं असलेलं. आठवतं, आई म्हणायची, "दर शनिवारी मुली बदलतात, गाणं काही बदलत नाही बाई!" त्यावर तू चिडायचास आणि ती अजून हसायची. शेवटी तू घर सोडलंस तेही त्याच गाण्यावरून. आणि तेच तू तिच्यासाठी पुन्हा वाजवलंस.

ते नुसतं चांगलं होऊन मला पुरणार नव्हतं. त्यांच्या रेकॉर्डवर त्या बहिणीचा आवाज एकेरी नसतो, तीच स्वतःच्या मागे उभी राहून स्वतःला साथ देते. मला तसंच हवं होतं, आणि रिकामी पट्टी एकच होती. म्हणून तुझे दोन्ही आवाज एकत्र करून चौथीवर उतरवले आणि मोकळ्या झालेल्या दोन पट्ट्यांवर मी गायले. एक श्वास ऐकू येत होता, म्हणून परत गायले. तीन दुपारी गात होते. चौथ्या पट्टीवर काय उतरलंय ते मात्र आधी ऐकलं नाही. तिच्या आवाजाचं बटण शून्यावर राहिलं होतं. तिथे काहीच नव्हतं, ड्वाइट. आणि मूळच्या तुझ्या आवाजांवर गाऊन मी ते पुसून टाकले होते.

मला शाळेत घालण्याआधी चार वर्षं आईनेच स्वयंपाकघराच्या टेबलाशी शिकवलं. वाचन, बेरजा आणि साथीचा दुसरा सूर. तिचा एकच नियम होता, "आधी दुसऱ्याचं ऐक, मग तोंड उघड."

तुला लगेच फोन करून दुसरी टेप मागवता आली असती. रोज उद्यावर टाकलं. आई विचारायची, "ड्वाइटचं पार्सल आलं का गं?" मी म्हणायचे, "अजून नाही, आई." असं चारदा झालं. शेवटच्या वेळी बाबा दारात उभे होते. आई त्यांना म्हणाली, "असू दे हो. कामात असेल पोरगा." बाबा वळून निघून गेले; तू काही पाठवलंच नाहीस, असं ते समजले. दफनाच्या दिवशी त्यांनी तुझ्याशी हात मिळवला नाही, ते त्यामुळे. तुला वाटलं जुनं भांडण. मी तुमच्या दोघांच्या मध्ये उभी होते.

इथे थांबावंसं वाटतंय. पण एक राहिलंय, आणि तेच खरं आहे.

सगळं पुसलं गेलं नव्हतं. पियानोची पट्टी शाबूत आहे. तिच्या सुरुवातीला तू बोललायस: "आई, हे तुझ्यासाठी. तक्रार न करता वाजवतोय, लिहून ठेव." मग एक, दोन, तीन, चार, आणि पियानो. एवढंही तिला पुरलं असतं. हसली असती ती. पण ते ऐकवलं असतं तर पुढे तुझा आवाज कुठे गेला, हे सांगावं लागलं असतं. म्हणून ती वाट बघत गेली, आणि टेप माझ्या स्वेटरांखाली होती.

आईच्या थडग्याचा दगड तयार झालाय. तो बसेल तेव्हा बाबांना मी गायला हवी आहे. म्हणाले, "तू एकटीच गा. त्याला कळवायची गरज नाही." मी हो म्हटलं. आता ते हो परत घेतेय. त्याआधीच्या एका रविवारी, चर्चहून आल्यावर, जेवायला बसण्यापूर्वी मी बाबांना गॅरेजमध्ये नेईन, खुर्चीवर बसवीन आणि तुझे चार आकडे ऐकवीन. मग माझ्या तोंडाने सगळं सांगेन. नंतर ते तुला फोन करतील की मला घराबाहेर काढतील, मला ठाऊक नाही. क्षमा मागत नाही. आधी ऐकणार आहे.

तू त्या दुपारी फोनजवळ राहा, एवढंच.

तुझ्या आवाजावर गायलेली,
जेनेल

ता. क. ती दुपार म्हणजे रविवार, १६ नोव्हेंबर.