ताडपत्रीची बॅग, एक महिना

१४ मार्च १९८७, डोंबिवली
आज भावोजींशी कडाक्याचं वाजलं. हे गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, मी धाकट्या दिराबरोबर आमच्या बॅगांच्या दुकानात बसतेय. पण गिऱ्हाइकासमोर आवाज पहिल्यांदाच चढवला. चढवला तर चढवला.

कारण, बॅग. टेंभी नाक्याचे पाटीलमामा ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात. उरलेल्या कापडातून त्यांनी प्रवासाची बॅग शिवून दिली. चेन नाही, दोन पट्टे आणि पितळी बकलं. उसवली तर मामा परत शिवून देणार, कितीही वर्षांनी आणा. भावोजी म्हणतात, "वहिनी, ही काय पोस्टमनची पिशवी आहे? आणि एकदा घेतली की माणूस परत दुकानात येईल कशाला?" त्यांनी मुंबईहून पॅराशूटच्या बॅगा आणल्यात, लालभडक, वर विमान छापलेलं. समोरची भिंत त्यांना त्या विमानांसाठी हवीय.

मी म्हटलं, सासऱ्यांचा नियम काय होता? नवीन माल आधी घरच्या माणसाने महिनाभर वापरायचा, मग भिंतीवर. तुमच्या विमानाला लावलात का नियम?

ते : "ठीक आहे. तुमची महिनाभर टिकली तर भिंत तुमची. काही झालं, तर तुम्ही घरी बसायचं."

हो म्हटलं. रागात म्हटलं. पण म्हटलं.

१९ मार्च
बॅगेतून दळण, बटाटे, रॉकेलचा डबा. शिवण जशीच्या तशी. काल माजिवड्याला नणंदेकडे गेलेले. येताना तिचा जुना पाटा मागून घेतला आणि घातला बॅगेत. नणंद : "अगं, तुझ्याकडे मिक्सर आहे ना?" आहे की! खांदा सुजलाय. पट्टा नाही.

२८ मार्च
आज एक बाई विमानवाली घेऊन आली. आठ दिवसांत बंद निघाला. भावोजी : "गॅरंटी नव्हती, मॅडम." बाई माझ्याकडे बघत होती. मीच सुई-दोरा काढून टाके घालून दिले. लाज वाटली मला. त्यांना नाही.

३ एप्रिल
दर रविवारी दारात मासळी घेऊन येते ती चंद्राबाई कुटुंबकबिला घेऊन एकवीरेला निघालीय. डोंगर, पायऱ्या, गर्दी. यापेक्षा मोठी परीक्षा कुठली? बॅग तिला दिली. भावोजींसमोर दिली. "द्या, द्या," म्हणाले, गालात हसत.

८ एप्रिल
बॅग आली. काय काय सोसलंय तिने! टोप, तीन नारळ, तांदूळ. पायऱ्यांवरून ओढत नेली. वर जागा नव्हती म्हणून चंद्राबाईची सासू, चांगली दणकट, दुपारभर तिच्यावर बसलेली. टाका हललेला नाही. चंद्राबाई : "बय, तुजी पिशवी फाटाची नाय गो."

पण. पाहुण्यांसाठी तिने आत जवळा आणि सुके बोंबील घातलेले. वर नारळ फुटला, पाणी सगळं त्यात. आणि मग तीन दिवस पट्टे आवळून बंद. मासळी घालू नको, हे सांगायचं मला सुचलंच नाही. सुचणार कसं? आमच्या घरात सोडे-बोंबलाचा वास म्हणजे भूक लागायची वेळ.

भावोजी नाकाला रुमाल लावून : "झालं ना काही? बसा आता घरी."
मी : फाटलीय का?
ते : "वास येतो म्हणजे गेली. आणि चंद्राबाई काय घरची आहे?"
मी : वीस वर्षं तिच्या हातची मासळी खाताय. मागच्या खेपेला दोन तुकडे जास्त मागून घेतलेत. घरची नाही तर कोण?
रुमाल खिशात ठेवला. पण मागे हटले नाहीत.

११ एप्रिल
रिठा, लिंबू, शिकेकाई, तीन दिवस गच्चीवर ऊन. वास आहेच. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, "कुठे काही मेलंय का हो?" हसू आलं, मग रडूही आलं. खरंच घरी बसावं लागलं तर? सकाळी आवरून जायला जागा नाही, दिवसभर नुसत्या भिंती. हे गेले तेव्हा त्या दुकानाने मला उभं केलं.

पाटीलमामांकडे गेले. म्हणाले, "तशीच दुसरी शिवून देतो. तुझ्या दिराला काय कळतंय?"
मोह झाला. खोटं कशाला बोलू, रिक्षात बसेपर्यंत मोह होता.
पण मला कळेल ना.

१४ एप्रिल
महिना पुरा झाला.

भावोजी यायच्या आधी दुकान उघडलं. विमानं खाली उतरवली आणि समोरच्या भिंतीवर, मधोमध, तीच बॅग टांगली. खाली पुठ्ठ्यावर लिहिलं : "महिनाभर वापरलेली. वास सुक्या मासळीचा, तो आमच्या चुकीने. फाटलेली नाही. ओढून बघा. ही विकायची नाही, अशीच नवी शिवून मिळेल."

ओढली लोकांनी! एक रिटायर मास्तर अक्षरशः लोंबकळले. काहीजण नाक मुरडून गेले. दोघी म्हणाल्या, "नवीन आली की सांगा." दोघीच. पण दोघी.

भावोजी आले, पाटी वाचली, लालेलाल. "दुकानाची अब्रू घालवलीत, वहिनी. उद्या दहाला मोठ्या मामांना घेऊन येतो. ते सांगतील कोणी बसायचं आणि कोणी नाही." मोठे मामा म्हणजे सासूबाईंचे भाऊ. घरात त्यांचा शब्द आजवर कोणी मोडलेला नाही.

आणा म्हटलं.

ते काय सांगतील, माहीत नाही. भावोजींना आवडतं तेच सांगतील, बहुतेक. पण उद्या दहाला ते येणार आणि मी साडेनऊला शटर उघडणार.