किल्लेदाराची सून

डोंगरकडा, २ मार्च १९४८

तीर्थस्वरूप तातेरावदादांस,
सुमनचा शि. सा. न. वि. वि.

दोन्ही कादंबऱ्या हरिचंदच्या गाडीने पोचल्या. जादूगाराची चार दिवसांत फस्त केली. कापलेला राजपुत्र मुळीच्या रसाने उठून बसतो आणि उठल्याबरोबर जेवायला मागतो, ते फार आवडलं. धाकटी जाऊ पंचफुला भाजी निवडता निवडता ऐकते. तिने ते पान तीनदा वाचायला लावलं.

पण खरी कादंबरी गडाची. पाठीवर शत्रू घेऊन पोटचा मुलगा दारात हाका मारतो, तरी किल्लेदार दार उघडत नाही, कारण आत दोनशे जीव. मी वाचताना रडलेच. माणूस असावा तर असा. तुम्ही मास्तर, तुमचं मत कळवा.

इकडे हत्यारबंद टोळ्या फिरतात. मागच्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवर दोघांची डोकी उडवली. आम्ही मात्र हळद शिजवायला मळ्यावरच राहतो आहोत.

माया पातळ होऊ देऊ नका.
सुमन

हिंगोली, ८ मार्च १९४८

चि. सौ. सुमन हीस अनेक आशीर्वाद.

तू रडलीस यात नवल नाही. लहानपणी मेलेल्या कोंबडीसाठी तू दोन दिवस जेवली नव्हतीस. मला मात्र तुझा किल्लेदार पटला नाही. लेखकाने आधी त्या मुलाचं लग्न थाटात लावलं, वीस पानं नुसत्या जेवणावळी. मग मुलगा दाराबाहेर कापला गेला, तेव्हा सून कुठे होती? तिला लेखक विसरूनच गेला. किल्लेदाराचे दोन अश्रू आणि पुढच्या प्रकरणात विजयाचे नगारे. असं कुठे असतं?

परवा भर बाजारात एकाला भोसकलं. लोक रक्त चुकवून चालत राहिले, मीही चाललो. त्याची लाज वाटते. मळा सोडून सगळे इकडे या. हळद पुन्हा पिकेल.

तुझं पत्र आलं की जिवात जीव येतो, तेव्हा आळस करू नकोस.
तातेराव

डोंगरकडा, १२ मार्च १९४८

ती. दादांस सा. न.

सुनेला मध्ये कशाला आणता? गड वाचवायचा की सासुरवाशिणीचे हुंदके लिहायचे? मुंजाजी भावजी तर मला आता किल्लेदार म्हणूनच हाक मारतात, आणि त्यांची पंचफुला पदर तोंडाला लावून हसते. हळद अर्धी शिजायची आहे. आठ दिवसांत येतो.

राग नसावा, लोभ आहेच.
सुमन

डोंगरकडा, २८ मार्च १९४८

दादा,

परवा भावजींचं तेरावं झालं.

चौदा तारखेला दुपारी टोळी मळ्यावर आली. हे वारंग्याला गेले होते. अंगणाच्या दाराला अडसर घालून आत आम्ही बायका-लेकरं सतराजण होतो. भावजी रानातून धावत आले आणि दार बडवू लागले. वीस पावलांवर तलवारी होत्या. पंचफुला अडसराला झोंबली. मी तिला केसांना धरून मागे ओढलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. भावजींनी दोनदा वैनी म्हणून हाक मारली. मग दाराखालून रक्त आत आलं, माझ्या टाचा भिजल्या.

हळदीच्या कढईतलं उकळतं पाणी आम्ही घागरींनी माळवदावर नेलं आणि खाली ओतलं. एकाच्या तोंडाची कातडी त्याच्याच हातात आली. तो लोळत असताना मी दुसरी घागरही त्याच्यावरच रिकामी केली. मला वाईट वाटलं नाही, अजून वाटत नाही. टोळी पळाली. दार उघडलं तेव्हा भावजींचा तुटलेला हात कडीला तसाच होता.

सतराच्या सतरा जगलो. गाव मला शाबासकी देतं. हेही म्हणतात, बराबर केलंस. पंचफुला रोज मला वाढते, पण बोलत नव्हती.

आज सकाळी ती पुस्तकं घेऊन आली. मला वाटलं, मेलेला उठतो ते पान हवं असेल. तिने ते पुस्तक बाजूला सारलं आणि गडाचं माझ्या मांडीवर ठेवलं. मी दाराचं प्रकरण वाचलं, पुढचे नगारेही वाचले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "आक्का, किल्लेदाराच्या सुनेचं पुढं काय झालं?"

मी शेवटापर्यंत पानं चाळली. दादा, तिचं नावसुद्धा नाही. पंचफुला अजून समोर बसली आहे. तिला काय सांगू ते लिहा.

तुमची,
सुमन