तुला किती सांगू?

मॅडम, आज तुमचा प्रश्न मी जसाच्या तसा उचलला. परवानगी मागायला तुम्ही आता या जगात नाही, म्हणून नुसतं सांगून टाकते.

तेव्हा मी चौदा वर्षांची, तीर्थपुरीहून आलेली, रक्ताचा कॅन्सर. घरचे अशक्तपणा म्हणायचे आणि मी दिसले की गप्प व्हायचे. मला काय कळत नव्हतं होय! तुम्ही स्टूल ओढून माझ्यासमोर बसलात. "तुला किती सांगू? सगळं, थोडं, का आज कायच न्हाई?" माझे वडील, अण्णा, चटकन पुढं झाले, "मॅडम, लेकरू आहे." तुम्ही म्हणालात, "काका, बिमारी तिची आहे. तिला ठरवू द्या." मी म्हणाले, सगळं. मंग विचारलं, "मी मरणार का?" आणि तुम्ही, एवढ्या मोठ्या डॉक्टर, म्हणालात, "माहीत न्हाई. पण कोशिश बिलकुल सोडणार न्हाई. जे कळंल ते तुला सांगीन." बाप रे! "काही होत नाही गं" म्हणणाऱ्या एकावरही माझा एवढा विश्वास बसला नव्हता.

आता मीच जालन्यात कॅन्सरची डॉक्टर आहे. आज सकाळी अंकुशनगरची सोळा वर्षांची पोरगी भिंतीकडं तोंड करून पडलेली. मांडीच्या हाडाचा कॅन्सर, घरच्यांनी सांगितलंय सूज. "सुजंला कुणी असलं औषध देतं का? मी घरी चालले," म्हणून ती सलाईन लावू देईना. घरी गेली तर हातची जाईल. तिची आई तोंडाला पदर लावून बाहेर जाऊन बसली. "तुम्हीच बोला, माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." मी स्टूल ओढलं आणि तुमचाच प्रश्न विचारला.

"सगळं," ती भिंतीलाच म्हणाली. सगळं सांगितलं. "पाय राहील का?" "माहीत न्हाई. औषधानं गाठ किती आटते ते बघावं लागंल. पण तुला विचारल्याबिगर काही ठरवणार न्हाई." मग ती वळली, डोळे पुसले, हात पुढं केला. "लावा. अन् आईला आत बोलवा. तिकडं एकटीच रडून राह्यली असंल."

सोळा वर्षांची पोर, मॅडम! मी बघतच राहिले.

हे कुठं पाठवणार? राहू दे माझ्यापाशीच. तिच्यासमोर माझा आवाज हलला नाही, पण बाहेर आल्यावर पाय असे लटपटले की भिंत धरावी लागली. तुमचेही लटपटले होते का त्या दिवशी? मला तर बिलकुल दिसलं न्हाई.