कपाटामागचं दार

तुमच्या वीजखात्यात पत्रं लिहायला ठेवलेल्या लोकांना घरदार नसतं वाटतं. असतं, तर जिचा मुलगा भिंतीपलीकडे शिंकला तरी जिला ऐकू येतं, अशा बाईला "एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ ग्राहकास" असं छापलेलं पत्र त्यांनी पाठवलं नसतं. वर माझं अभिनंदन केलंय. कशाबद्दल, ते दोनदा वाचूनही कळलं नाही. वीज कमी जाळली म्हणून की एकटी उरले म्हणून? आणि अक्षर एवढं बारीक, की आधी वाटलं, औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी चुकून पाकिटात गेली.

प्रिय टिचके, आता विचारते, बरी आहेस ना? जेवतेस की नुसता चहा पितेस? मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्या लग्नाआधीपासून कुरकुरतोय. फोन केला असता, पण फोन तुझ्या बापाचा, आणि मी बोलायला लागले की तो शेजारी उभा राहून मान हलवतो, जणू काही मी त्याचंच म्हणणं सांगतेय. म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंत शाळेत जे हाताला लागलं त्यावरच लिहितेय, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

तू गेल्या थंडीत इथे नव्हतीस, म्हणून पहिल्यापासून सांगते. तेव्हाचं वीजबिल तुझ्या बापाने दारातच उघडलं आणि बूट न काढता आत येऊन खुर्चीवर बसला. त्या दिवसापासून आमच्या घरात चोर शोधणं सुरू झालं. तुझी आई म्हणाली, आईंचा हीटर. मी म्हटलं, तुझं शिवणाचं मशीन. तुझ्या बापाने दोघींना सोडून गिझरला धरलं, मग फ्रिजला. एक दिवस तो फ्रिजला कान लावून उभा होता, जसा काही डॉक्टरच. कोणी दिवा लावून उठलं की दुसरं कोणीतरी येऊन खटकन बंद करायचं, आणि मग पहिलं माणूस अंधारात परत येऊन ठेचकाळायचं. स्वयंपाकघरात तिघं जण एका हीटरभोवती बसायचो, पण बोलायचो कसलं? "पुरे आता, बंद करा" एवढंच.

मग तुमच्या सरकारची ती सवलत आली. ठरवून दिलेल्या रेघेच्या आत वीज वापरली तर अर्धं बिल माफ. रेघेच्या जरा बाहेर पाय पडला की काहीच माफ नाही. हे कोणाच्या डोक्यातून निघालं, ते मला अजून उमगलेलं नाही. तू तिकडे एकटी राहतेस, तुझ्या खोलीत एक हीटर. आम्ही इथे तिघं, आमचाही एकच हीटर. तू मात्र काटकसरी ठरलीस आणि आम्ही उधळे. तुम्हाला वीज मोजता येते, माणसं मोजता येत नाहीत का? माणशी हिशेब धरला असता तर आमच्याइतकं चिकट घर तुम्हाला दिवा लावून शोधूनही सापडलं नसतं. तुझ्या साहेबाला हे विचार. मी विचारते म्हणून सांग.

तर त्या रेघेच्या आत बसायचं म्हणून तुझ्या बापाने घराची दोन घरं केली. मागची माझी खोली, तिला गल्लीत उघडणारं दार होतंच. कोपऱ्यात शेगडी ठेवली, दुसरं मीटर बसवलं आणि मी झाले वेगळी ग्राहक. इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. पण माझ्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं जे दार आहे ना, त्याच्यासमोर पलीकडच्या बाजूने त्याने कपाट सरकवलं. तुझ्या आईच्या कापडांचं, ते मोठं. मी म्हटलं, हे कशाला? म्हणाला, वेगळं घर म्हणजे वेगळं दिसायला पाहिजे, नियम आहे. बरं, नियम तर नियम. सरकारशी आपण कशाला भांडायचं?

तपासणीला एक मुलगी आली. तुझ्याच वयाची, नाकाला सर्दी, हातात फोन. मीटर बघितलं, शेगडी बघितली, गल्लीतलं दार दोनदा उघडून मिटलं. मग विचारलं, "आजी, तुम्ही इथे एकट्याच राहता?"

तुझा बाप तिच्या मागे गल्लीत उभा होता आणि स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मी म्हटलं, "तुला दुसरं कोणी दिसतंय का?"

ती हसली आणि फोनमध्ये काहीतरी लिहून गेली. टिचके, त्या आतल्या दाराकडे तिने बघितलंसुद्धा नाही. दार काही लपलेलं नव्हतं, माझा टॉवेल त्याच्याच खिळ्याला लटकत होता.

मला वाटलं, संध्याकाळी कपाट हलेल. नाही हललं. परत तपासणी येईल म्हणाला. मग कपाटावर सुटकेस चढली, सुटकेसवर पंखा. दुसरी तपासणी काही आली नाही. बिलं मात्र दोन्ही निम्मी आली. तुझ्या बापाचा चेहरा जरा माणसात आला, शेजारचे येऊन युक्ती विचारून गेले, आणि सगळे खूश असताना आपण तोंड वाकडं करायचं म्हणजे आपल्यालाच काही झालंय असं वाटतं. खरं सांगू? काही दिवस मलाही मजा वाटली. मीठ माझ्या जिभेचं. रेडिओ माझ्या कानाला ऐकू येईल एवढा. कच्चा कांदा खाल्ला तरी नाक मुरडायला कोणी नाही. पण भिंतीतून आवाज येतात. तुझी आई मशीन चालवताना गुणगुणते, तुला माहीत होतं? मला नव्हतं. एवढी वर्षं मी त्याच स्वयंपाकघरात बसत होते, माझ्यासमोर एकदाही तिच्या तोंडून सूर निघाला नाही. गळा बरा आहे गं तिचा. ऐकून मला बरं वाटावं की वाईट, हेच ठरत नाही. मी रेडिओ बारीक करते आणि ऐकते, एवढं खरं.

यंदा थंडी सुरू झाली आणि तुमच्या सरकारला माझी आणखी माया आली. एकट्या म्हाताऱ्यांच्या घरातल्या फटी फुकट बुजवायच्या, अशी दुसरी योजना निघाली म्हणे. एक कारागीर आला. मेणबत्ती पेटवून खिडकीच्या कडेकडेने फिरवत होता. मला वाटलं काही मंत्रतंत्र करतोय. तर ज्योत हलते तिथून वारा शिरतो, असं त्याचं काम. त्याने सगळ्या फटी भरल्या, छताला आतून जाड थर लावला, खिडकीला दुहेरी काच बसवली, दाराखाली ब्रशासारखी पट्टी ठोकली. जाताना म्हणाला, आजी, आता तुमची ऊब कुठे पळून जात नाही. आणि खरंच नाही जात. हीटर थोडा वेळ लावला की दिवसभर पुरतो. हे आधीच सगळ्यांच्या घरात केलं असतं तर सवलतीची रेघ कशाला आखावी लागली असती? घराला भोकं तशीच ठेवायची आणि बाहेर गेलेल्या उबेचे अर्धे पैसे सरकारने भरायचे. मी शिकलेली नाही, माझं चुकत असेल. चुकत असेल तर समजावून सांग. पलीकडे तुझ्या आईबापाला मात्र यातलं काही मिळालं नाही, कारण ती कमावती, धडधाकट. भिंत तीच. अलीकडे मी एका स्वेटरवर, पलीकडे तुझी आई हातमोज्यांची बोटं कापून शिवण करतेय.

मग तुझा बाप यायला लागला. गल्लीला वळसा घालून, दारावर टकटक करून. "येऊ का?" म्हणून विचारतो. जन्मात कधी त्याने मला हे विचारलं नव्हतं. बूट बाहेर काढतो, खुर्चीच्या कडेवर बसतो. मग तुझी आईही काजं-बटणं घेऊन यायला लागली. मी चहा करते, माझ्या विजेवर. आणि गंमत बघ, आम्ही बोलतो. तुझ्या बापाने परवा त्याच्या कामावरच्या साहेबाची नक्कल करून दाखवली, तुझ्या आईच्या हातातून बटणांचा डबा सांडला हसता हसता. इतक्या वर्षांत एका घरात राहून एवढं बोललो नसू. आता माझा गोंधळ हा, की ही माणसं माझ्याकडे येतात की हीटरकडे? एक दिवस मी परीक्षा घ्यायची ठरवली. सकाळपासून हीटर लावलाच नाही. पण त्या कारागिराने काम इतकं चोख केलेलं, की खोली संध्याकाळपर्यंत गरमच राहिली, दोघं नेहमीसारखी येऊन बसली आणि मला काहीच कळलं नाही.

आता कशासाठी लिहितेय ते सांगते. तुझा बाप काल म्हणाला, आई, रविवारी कपाट काढतो, दार उघडं ठेवू, तुझ्याकडची ऊब स्वयंपाकघरात येईल. मी म्हटलं, आणि तपासणी? तर म्हणाला, "तपासणीत कपाट कोण बघतंय, आई?" असं अगदी सहज म्हणाला. मी विचारलं, मग वर्षभर ते तिथे कशाला होतं? त्याने बटणांचा डबा उघडून परत लावला. मग म्हणाला, टिचकीच म्हणाली होती, दार बंद दिसलं पाहिजे असा नियम आहे. तुझी आई सुईत दोरा ओवत होती, तो तिला काही केल्या ओवता येईना. तर मला सांग, तू असं म्हणाली होतीस का? तुमच्या नियमात ते कपाट आहे का? असेल, तर रविवारी मी स्वतः खांदा लावेन, बसू सगळे एकत्र, माझ्या मनात काही राहणार नाही. नसेल, तर त्या दाराला माझ्या बाजूनेही कडी आहे. गंजली होती, आज तेल घातलंय. लावायची की नाही ते मात्र ठरत नाही, कारण लावली तर ती दोघं गल्लीतून येतील की येणार नाहीत, हे मला माहीत नाही, आणि न लावता तिथे बसून राहणं मला जमेल का, तेही माहीत नाही. तू बापाला सांभाळून घेशील, हे मी ओळखून आहे. खोटंच लिहायचं ठरवलंस तर निदान असं लिही, की मला ते खरं वाटेल. रविवारच्या आत पोचेल असं टाक, गल्लीतल्या दाराच्या पत्त्यावर. खात्याने उत्तर देऊ नये, तुझ्या बापाने तर नाहीच नाही. तूच द्यायचं.

तुझीच,
मागच्या खोलीतली आजी