फोटोपुरतं पाणी

१२ जानेवारी

व्हय, मीच ओतत हुते. दुसरं कोण चढणार त्या शिडीवर? मुलींच्या संडासावरची टाकी कोरडी. खाली आमचं हेडसर लोंढे नळ सोडून फोटो काढत्यात, वर मी खिचडीवाली हंड्यानं टाकीत पाणी ओतते. दरसालचंच हाय. आज सातवीतल्या आर्यानं बघितलं. तिला म्हणलं, बघितलंस ते खरं हाय बाई.

"मग मावशी, आमाला जायचं असतं तवा का ओतत न्हाई?"

म्हणलं, तुझा फोटो कुठं वर पाठवायचाय.

पोर हसली न्हाई. माझी थट्टा फुकट गेली. असं होत न्हाई कवा.

१३ जानेवारी

शाळेत काय हाय, काय न्हाई, ते सरकारला कळवायचं. सर मोबाईलवर भरत हुते, मी पलीकडं खिचडीचे तांदूळ निवडत.

"मैदान?"

"हाय. पाटलाच्या म्हशी खेळत्यात."

"ग्रंथालय?"

"हाय. पेटीत. पेटीवर तुमी बसलाय."

"मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी?"

"फोटोत हाय."

"मावशी, गप बसा जरा."

सगळ्याला 'होय' झालं. मोबाईलात बघितलं तर आमची शाळा म्हाबळेश्वराच्या हाटेलापेक्षा भारी. आमचं मालक हुते तवा फौजेत हुते. सांगायचे, मोठा सायब यायचा असला की झाडांच्या बुंध्यांना सुदीक चुना लावायचो. झाडाला काय, चुना लावला तरी झाडच. पण पोरी...

१६ जानेवारी

आर्या जेवायच्या सुट्टीत घरी गेली ती आलीच न्हाई. घर वरच्या वाडीला, मोठा चढ. गेल्या म्हैन्यातबी असंच. बायकांचं कारण, मला सांगायला नगं.

सांजच्याला तिच्या घरी गेले. आई भाकरी थापत हुती. म्हणाली, "शाळेत पाणी न्हाई, तर पोरीनं जायाचं कुठं? आता मोठी झाली. बसू दे घरात." आर्या चुलीम्होरं. वर बघंना.

बोलणारी मी, तशीच माघारी आले. हंडा माझाच की.

१९ जानेवारी

फोटो हलला म्हणं. तालुक्यासनं निरोप, दुसरा पाठवा.

"मावशी, परत एकदा चढा."

"न्हाई."

"गुडघा दुखतोय का?"

"गुडघा झकास हाय. चढणार न्हाई."

सरांनी समजावलं. पोरं कमी, त्यात 'पाणी नाही' गेलं तर म्हणतील शाळा खालच्या गावाला जोडा. तुमची चूलबी जाईल मावशी. माणूस वाईट न्हाई. सवताच्या पैशानं पुस्तकं आणतो. भितो तेवढा.

मी म्हणलं, मग तुमी चढा, मी काढते फोटो. नातू सुट्टीला आला की त्याचे काढते की.

सर चढले! पँट वर दुमडून, हंडा खांद्यावर, निम्मं पाणी अंगावर. "नळ दिसतोय का?" वरनं वरडतायत. दिसतोय म्हणलं. खोटं न्हाई बोलले. नळ दिसत हुता, टाकी दिसत हुती, शिडी दिसत हुती, सर दिसत हुते. हंड्यासकट.

भिजलेलं माणूस, त्यात मेढ्याची यष्टी गाठायची घाई. न बघताच पाठवून दिला. मी सांगितलं न्हाई. का सांगू?

२२ जानेवारी

तालुक्याच्या तपासणीच्या बाई आल्या. मोबाईल म्होरं धरला. "टाकीवर हे कोण?"

सरांचं तोंड उतरलेलं. मीच म्हणलं, आमचं हेडसर हायती. लय कष्टाळू.

बाई हसल्या न्हाईत. "फोटो कुणी काढला?"

"मी. नीट आलाय न्हवं? ह्या टायमाला हलू दिला न्हाई."

"ह्याचा परिणाम काय होईल कळतं का तुम्हाला?"

"कळतं. आदीच्या फोटोंनी काय झालं तेबी कळतं."

सरांना लेखी खुलासा द्यायला सांगितला. मला वाईट वाटलं. म्हणलं, माझं नाव घाला त्यात, मोठ्या अक्षरात घाला.

मग बाई जरा अवघडल्या. एवढा घाट चढून आलेल्या. हळूच इचारलं, "स्वच्छतागृह..." किल्ली दिली. दारात जाऊन मागं फिरल्या. "पाणी?"

म्हणलं, फोटो काढायचाय का?

मग हंडा भरून दिला. माणूसच हाय त्याबी. भाईर आल्या. खुर्चीवर बसून सरांना म्हणल्या, "ते 'होय' काढा. 'नाही' लिहा."

सर माझ्याशी बोलंनात. खिचडी दोनदा घेतली मातूर.

२६ जानेवारी

झेंडा झाला. आर्या आली हुती, लाल रिबिनी लावून. आई पाठीमागं उभी. मला म्हणली, "पाणी आलं तर धाडीन. न्हाई आलं तर माझं म्हणणं तेच."

ग्रामसभेत सरपंचांनी मलाच धरलं. पाईप टाकायचं ठरंल का शाळा हलवायचं ठरंल, वरनं अजून कायबी आलं न्हाई. "शाळा गेली तर तुमच्यामुळं बघा मावशी."

मी उभी ऱ्हायले. म्हणलं, "सरपंच, तुमच्या घरातल्या बायकांना म्हैनाभर तो संडास वापराय सांगा, मग माझ्याशी बोला." मागं बाया हसल्या. कुणीतरी म्हणलं, म्हातारीला भ्या कसलं ते न्हाईच. मी म्हणलं, न्हाईच. मुंडी वर करून घरी आले.

खोटं बोलले. शाळेतली पोरं गेली तर माझी थट्टा ऐकायला ह्या घरात एक माणूस न्हाई. मला लय भ्या वाटतंय.